प्रकल्प नोंदी: ब्रेकची धूळ, पांढरा गंज आणि चार अ‍ॅल्युमिनियम चाके

४ जानेवारी २०२५ : आवक तपासणी

गाडी दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी. पुढे चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारे भाग) आणि कास्ट आयर्नच्या व्हेंटिलेटेड डिस्क. चाके १९ इंची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. दर्शनी भाग डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून चकचकीत केलेला, त्यावर फक्त पारदर्शक लॅकर. बॅरल, म्हणजे टायर बसतो तो चाकाचा नळकांडी भाग, काळ्या रंगाचे. ब्रेक पॅड लो-मेटॅलिक, म्हणजे थोडा धातू मिसळलेले. तक्रारी दोन: पुढची चाके धुतली की थोड्याच फेऱ्यांत पुन्हा तपकिरी होतात, आणि डायमंड कटच्या कडेने पांढऱ्या रेघा वाढत चालल्या आहेत.

या दोन्ही तक्रारी 'ब्रेकच्या धुळीने चाके खराब झाली' अशा एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांचा उपाय एक नाही. तपकिरी थर वरून बसलेला आहे, पांढऱ्या रेघा लॅकरच्या खालून आल्या आहेत. पहिला धुतल्याने जातो. दुसऱ्यावर धुण्याचा काहीच परिणाम होत नाही, उलट चुकीच्या क्लीनरने तो भराभर वाढतो. आणि जे खरे नुकसान आहे ते बाहेरून दिसतच नाही. ते टायरखाली, चाकाचा तोल साधणाऱ्या वजनपट्ट्यांखाली आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठावर असते. म्हणून टायर उतरवल्याशिवाय कोणताही अंदाज द्यायचा नाही असे ठरले.

पुढची दोन चाके मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त मळलेली आहेत. यात दोष काही नाही. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. मात्र एकाच अ‍ॅक्सलवर डावे-उजवे असा ठळक फरक दिसला, तर धुलाई बाजूला ठेवून आधी कॅलिपर बघावा. पिस्टन अडकला किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट बसला की त्या बाजूची धूळ वाढते. इथे दोन्ही बाजू सारख्या आहेत.

५ जानेवारी : पहिली धुलाई

चाके थंड, गाडी सावलीत. क्रम असा ठेवला: साध्या पाण्याचा दाब, मग आयर्न रिमूव्हर (रुतलेले लोखंडाचे कण काढणारे रसायन), मग शॅम्पू आणि ब्रश, मग डांबर काढणारे सॉल्व्हंट, शेवटी क्ले (उरलेले कण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा).

सुटी धूळ पाण्याने आधी घालवणे गरजेचे आहे. ती तशीच ठेवून ब्रश फिरवला तर लोखंडाचे कण लॅकरवर पॉलिश पेपरसारखे फिरतात. पाणी मारल्यावर चाक निथळू द्यावे, नाहीतर रिमूव्हर पातळ होऊन वाया जातो.

आयर्न रिमूव्हरमधला कामाचा घटक बहुधा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतो. गंजलेल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की पाण्यात विरघळणारे जांभळट-लाल संयुग तयार होते आणि कण लॅकरमधून सुटतो. ३ ते ५ मिनिटे ठेवावे, वाळू मात्र देऊ नये. वाळले की डाग पडतात आणि ते काढायला पुन्हा तेच रसायन लागते. हातमोजे सक्तीचे, थायोग्लायकोलेटची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि गंधकाचा वास बंद जागेत असह्य होतो.

जांभळा रंग हे स्वच्छतेचे माप धरू नये. तो फक्त 'इथे लोखंड आहे' एवढेच सांगतो. मागून डिस्कवर उडालेला फवाराही जांभळा वाहतो, बॅरलमधली गंजलेली स्टीलची वजने तर कितीही वेळा मारले तरी जांभळी रडत राहतात. ते बघून फेरीवर फेरी मारत बसणे म्हणजे रसायन, वेळ आणि डिस्क तिन्ही खर्ची घालणे. आम्ही वापरतो ती चाचणी स्पर्शाची: बोटावर पातळ प्लास्टिक पिशवी घेऊन ओल्या पृष्ठावरून हलके फिरवायचे. खरखर लागली तर कण अजून रुतलेले आहेत; गुळगुळीत असेल तर थांबायचे.

दुसरी गोष्ट, आयर्न रिमूव्हर फक्त लोखंडावर काम करतो. ब्रेकच्या धुळीत पॅडला बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझिन, ग्रॅफाइट, खनिज भराव असेही बरेच असते. लोखंड निघून गेल्यावर जो काळपट चिकट पापुद्रा राहतो तो यांचा. त्यासाठी सौम्य अल्कधर्मी ऑल-पर्पज क्लीनर १:१० पातळ करून मऊ ब्रशने घासला. पुढच्या चाकांच्या स्पोकच्या मागच्या बाजूला हाच थर सगळ्यात जाड होता.

आम्लयुक्त व्हील क्लीनरबद्दल स्पष्ट नोंद: हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असलेले काहीही या कामात येणार नाही. ते झटपट चमक देते, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे संरक्षक ऑक्साइडच विरघळवते. हे ऑक्साइड साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यातच टिकून राहते. त्याच्या खाली किंवा वर गेले की उघडा धातू झिजू लागतो. कॉस्टिक सोड्यावर आधारलेले डिग्रीझर दुसऱ्या टोकाकडून तेच नुकसान करतात. शिवाय फ्लुओराइडची इजा त्वचेखाली खोल जाते आणि वेदना उशिरा सुरू होते, तोवर माणूस काम करतच राहिलेला असतो. चाकाच्या चमकीसाठी ही जोखीम कुणीही घेऊ नये.

६ जानेवारी : चाके उतरवली

पुढचे डावे चाक हबला पक्के धरून बसले होते. स्टीलचा हब, अ‍ॅल्युमिनियमचे चाक आणि मध्ये पाणी: दोन धातूंमधले गॅल्व्हनिक क्षरण. सोडवण्याची रीत: बोल्ट अर्धा-पाऊण आटा ढिले करायचे, पूर्ण काढायचे नाहीत; गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवायचे आणि किंचित पुढे-मागे हलवायची. एवढ्याने न सुटल्यास जॅकवर घेऊन टायरच्या भिंतीवर आतून रबरी हातोडा. रिमच्या कडेवर घाव कधीच घालायचा नाही.

ज्या गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क असतात तिथे चाक काढताना बोल्टच्या जागी दोन गाइड पिना लावाव्यात. चाक सटकून डिस्कच्या काठावर आदळले तर टवका उडतो, आणि त्या टवक्याची किंमत नवीन डिस्क असू शकते. आयर्न रिमूव्हर आणि आम्ल अशा डिस्कपासून लांब ठेवावे.

७ जानेवारी : टायर उतरवले, खरे नुकसान दिसले

चाकनिहाय नोंदीतले मुख्य मुद्दे.

बीड सीट (टायरची कड रिमला टेकते ती जागा): पुढच्या दोन्ही चाकांवर आतल्या बाजूला रंग उचललेला, खाली पांढरी भुकटी. टायरमधली हवा हळूहळू कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पंक्चर शोधत बसतात आणि हवा गळत असते ती खडबडीत बीड सीटवरून.

वजनपट्ट्या: बॅरलमध्ये चिकटवलेली जुनी स्टीलची वजने गंजून फुगली आहेत. त्यांच्या कडेने रंग सोलला आहे. चिकटपट्टीच्या फोममध्ये पाणी मुरून राहते, त्यात रस्त्यावरचे मीठ मिसळले की ती जागा कायम ओली बॅटरीच होते.

व्हॉल्व्ह: टायर प्रेशर सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांपैकी एकीत पितळी कोअर जाम झाला आहे. पुढे पितळी टोपीही तशीच धरली होती. सेन्सरच्या व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा असलेलाच कोअर आणि प्लास्टिकची टोपी लावायची, हा नियम छोटा आहे पण तो न पाळल्याने नळी तुटते आणि सेन्सरचा सगळा संच बदलावा लागतो.

दर्शनी भाग: लॅकरखाली वाळवीने लाकडात पाडलेल्या वाटांसारख्या बारीक वळणावळणाच्या रेघा. हे तंतुमय क्षरण, ज्याला फिलिफॉर्म म्हणतात. ते कुठे सुरू झाले हे भिंगाने पाहिले: खड्याच्या टवक्यापासून काही, पण बहुतेक डायमंड कटच्या धारदार कडेपासून, जिथे कापलेला चकचकीत पृष्ठ रंगवलेल्या खळग्याला मिळतो.

जाडी मोजली. मीटर अ‍ॅल्युमिनियमवर चालणाऱ्या एडी करंट पद्धतीचा, कारण लोखंडासाठीचा चुंबकीय मोड इथे आकडा देत नाही. सपाट भागावर लॅकर ४० ते ५० मायक्रॉन. कडेजवळ जाऊ तसा आकडा घसरत जातो, आणि थेट धारेवर प्रोब टेकवून भरवशाचे वाचन मिळतच नाही.

इथेच या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. ओला लॅकर असो वा वितळलेली पावडर, पृष्ठताणामुळे ती धारेवरून मागे सरकते. सपाटीवर कितीही जाड थर दिला तरी धारेवर तो पातळच राहतो. डायमंड कटमध्ये चाकाला मुद्दाम धार काढली जाते, खाली प्रायमरही नसतो, आणि संरक्षण म्हणून फक्त तो लॅकर. धार उघडी पडली की खारे पाणी शिरते. रेघेचे पुढचे टोक आम्लधर्मी होऊन धातू खात पुढे सरकते, मागे पांढरे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड-हायड्रॉक्साइड सोडत जाते. त्या शेपटीतून प्राणवायू आत जातो, टोकाशी तो कमी पडतो, आणि या फरकावरच क्षरणाची छोटी बॅटरी चालत राहते. दमट हवा पुरेशी आहे. रोज पाऊस लागत नाही.

मग ब्रेकच्या धुळीचा वाटा काय? दोन प्रकारे. गरम कण लॅकरमध्ये रुततो, गंजताना फुगतो आणि लॅकरला सूक्ष्म भोक पाडतो. आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर बसलेला लोखंडाचा कण कॅथोड बनून शेजारचे अ‍ॅल्युमिनियम झिजवतो. म्हणजे धूळ वाट उघडते आणि आग वाढवते, पण जळायला तयार जागा आधीच्या कामाने ठेवलेली असते.

८ जानेवारी : निर्णय

पुढच्या दोन चाकांचा रंग पूर्ण उतरवून नव्याने पावडर कोट (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत वितळवलेला थर). डायमंड कट पुन्हा करायचा नाही. लेथवर दर वेळी चेहऱ्याचा धातू जातो, आणि तीच धार, तोच एकेरी लॅकर पुन्हा मिळतो. रेघा पुन्हा येणार हे आधीच माहीत असताना तसे काम करणे योग्य वाटत नाही. चेहरा एकरंगी, चंदेरी, खाली प्रायमर. मागच्या दोन चाकांचा दर्शनी भाग शाबूत आहे, त्यांचे फक्त बॅरल आणि बीड सीट साफ करून स्थानिक दुरुस्ती.

१४ जानेवारी : रंग उतरवणे

रासायनिक स्ट्रिपर वापरला, रंग जाळण्याची भट्टी नाही. जाळून रंग काढणाऱ्या भट्ट्या ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे जातात. बहुतेक ओतीव चाके टी६ पद्धतीने उष्णोपचार केलेली असतात: सुमारे ५४० अंशांवर द्रावण-उपचार, पाण्यात शमन, मग साधारण १५५ ते १८० अंशांवर काही तास तापवून धातू कठीण करणे, म्हणजे एजिंग. ३५० अंशांत ही सगळी मेहनत पुसली जाते, चाक मऊ पडते आणि दिसायला मात्र अगदी चांगले राहते. ६०६१ या मिश्रधातूच्या फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) चाकांना हे आणखी लागू पडते.

रंग गेल्यावर डाय पेनिट्रंटने, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने, चिरा तपासल्या. पृष्ठ सॉल्व्हंटने स्वच्छ, पेनिट्रंट १५ मिनिटे, कापडाने पुसून (थेट सॉल्व्हंट फवारायचा नाही, चिरेतला रंगही धुऊन निघतो), डेव्हलपर १० मिनिटे. विशेष लक्ष आतल्या फ्लँजवर (रिमच्या उभ्या कडेवर) आणि स्पोकच्या मुळाशी. दोन्ही चाके निर्दोष. चीर निघाली असती तर चाक भंगारात गेले असते. वेगाने चालणाऱ्या गाडीच्या चाकाला वेल्डिंग हा आमच्याकडे पर्याय नाही.

ब्लास्टिंग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने, कमी दाबावर. कॅबिनेटमध्ये त्याआधी स्टील ग्रिट वापरले गेले नव्हते ना, याची खात्री करून घेतली. स्टीलचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नवीन कोटच्या खाली लोखंड पेरले जाते. असे चाक काही महिन्यांत फोड आणते आणि दोष पावडरला दिला जातो.

पांढऱ्या गंजाने पडलेले खड्डे ब्लास्टिंगनंतरही भिंगाने तपासले. खड्ड्याच्या तळाशी करडा-पांढरा अंश शिल्लक असेल तर तो टोकदार बरने (फिरत्या कोरणीने) खरवडून काढला. हा अंश खाली ठेवून वर कितीही चांगला कोट दिला तरी रेघ तिथूनच पुन्हा निघते.

सगळ्यात महत्त्वाचे काम हातानेच: जुन्या डायमंड कटची प्रत्येक धार १८० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने मोडून सुमारे १ मिमी त्रिज्येची गोलाई दिली. स्पोकची जाडी कमी करायची नाही, फक्त धार मोडायची. वेळ खाणारे काम आहे आणि फोटोत दिसत नाही, तरी या प्रकल्पातले चाकाचे आयुष्य याच कामावर अवलंबून आहे.

१६ जानेवारी : पूर्वप्रक्रिया आणि पावडर

ब्लास्ट केलेल्या चाकाला उघड्या हाताने शिवायचे नाही. घामातले क्लोराइड पुरते. क्रम: सौम्य डिग्रीझ, धुणे, आम्ल डीऑक्सिडायझर, धुणे, क्रोममुक्त झिर्कोनियम कन्व्हर्जन कोट (रंग धरून ठेवणारा पातळ रासायनिक थर), शेवटी क्षाररहित पाण्याने धुणे. नळाचे पाणी शेवटच्या धुण्याला चालत नाही. त्यातले क्षार वाळून कोटखाली राहतात.

झाकायच्या जागा: हबला टेकणारे सपाट पृष्ठ, मधले भोक, बोल्टच्या बैठका. उच्च तापमानाची टेप आणि सिलिकॉन बुचे. बोल्टखाली जाड पावडर राहिली तर भार आणि उष्णतेने ती दबते, बोल्टचा ताण उतरतो आणि चाक ढिले पडते. चाक रंगवून घेणाऱ्या प्रत्येकाने परत आल्यावर आधी हीच जागा पाहावी.

ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे असतात. त्यातली हवा आणि ओल भट्टीत बाहेर येऊन पावडरला टाचणीसारखी भोके पाडते. म्हणून पावडरआधी डीगॅसिंगची एक भट्टी, क्युअरिंगपेक्षा (पावडर भाजून पक्की करण्यापेक्षा) थोड्या जास्त तापमानाला. तरी एका चाकाच्या स्पोकमुळाशी प्रायमरवर चार-पाच भोके आली. ३२० ने घासून, डीगॅसिंग प्रायमरचा हलका हात देऊन ती बुजली.

थर: एपॉक्सी प्रायमर ६० ते ८० मायक्रॉन, अर्धवट क्युअर, चंदेरी पॉलिएस्टर ६० ते ८०, वर अ‍ॅक्रिलिक क्लिअर ५० च्या आसपास. प्रायमर पूर्ण भाजला तर वरचा थर त्याला नीट धरत नाही, म्हणून अर्धवट.

तापमान १८० अंश, पण धातूचे, हवेचे नव्हे. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चाकाच्या मधल्या जाड भागाला लावला, कारण तो सगळ्यात उशिरा तापतो. भट्टीच्या घड्याळावर विसंबले तर पातळ रिम जास्त भाजते आणि जाड मधला भाग कच्चा राहतो. एजिंगच्या मर्यादेजवळची उष्णता असल्याने सर्व फेऱ्यांचा एकूण वेळ चाकनिहाय लिहून ठेवला आहे. वारंवार रंगवलेल्या चाकांना हा हिशेब लागतो, आणि तो सहसा कुणाकडे नसतो.

२० जानेवारी : हब आणि डिस्क

हबवरची धूळ ओल्या फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने काढली. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ब्रेकची धूळ श्वासात जाण्याइतकी बारीक असते, आणि जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

हबचे तोंड खरखरीत नायलॉन पॅडने घासून गंजमुक्त. गंजाची पातळ पपडीसुद्धा डिस्कला तिरपी बसवते, मग डिस्क फिरताना दर फेरीला पॅडला घासते, जागोजागी जाडी बदलते आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते. 'डिस्क वाकली' म्हणतात ती बहुतेकदा अशी. डायल गेजने हबचे डगमगणे ०.०२ मिमी, डिस्क बसवल्यावर ०.०४ मिमी. ०.०५ च्या आत हवे होते, आहे.

अँटी-सीझचा (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) पातळ हात फक्त मधल्या उंचवट्याच्या गोलाईवर. सपाट तोंड कोरडे. बोल्टच्या आट्यांना काही लावायचे नाही. वंगण असले की तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्टवर कितीतरी जास्त ताण येतो.

२३ जानेवारी : पॅड

धूळ कमी करण्याची खरी जागा हीच आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर.

लो-मेटॅलिक आणि सेमी-मेटॅलिक पॅड डिस्कला खरवडून घर्षण मिळवतात. चावा चांगला, गरम झाल्यावरही पकड टिकते, आणि किंमत म्हणून डिस्क झिजते. चाकावरच्या तपकिरी थरातले बरेचसे लोखंड पॅडचे नसून डिस्कचे असते. सिरॅमिक आणि इतर नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस ऑरगॅनिक पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर पसरवतात आणि त्या थरावर घर्षण घेतात. धूळ कमी, फिक्या रंगाची, चाकाला कमी चिकटणारी. मात्र ट्रॅकवरची सततची उष्णता त्यातल्या बहुतेकांना झेपत नाही. पकड अचानक उतरते.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरे थंड आणि गरम घर्षणांक सांगतात: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. ती धुळीबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि एफएफ लिहिलेले दोन पॅड ट्रॅकवर अगदी वेगळे वागू शकतात.

ट्रॅकचे पॅड रोज रस्त्यावर चालवू नयेत. थंड असताना ते डिस्क खातात, आणि त्यांची धूळ ओली झाली की चाकावर सिमेंटसारखी बसते. ट्रॅकनंतर चाके थंड होऊ द्यावीत आणि त्याच दिवशी, दव किंवा पाऊस लागण्याआधी धुवावीत. गरम चाकावर किंवा डिस्कवर थंड पाणी नको.

चाक आणि डिस्कमध्ये बसवायच्या धूळरोधक चकत्यांची मागणी असते. बसवणार नाही. त्या धुळीबरोबर हवाही अडवतात, आणि ब्रेक तापून फेड होण्यापुढे (पकड उतरण्यापुढे) मळकी चाके काहीच नाहीत.

कठीण मुलाम्याच्या डिस्क हा मात्र खरा उपाय आहे. पोर्शने २०१७ मध्ये कायेनवर टंगस्टन कार्बाइडचा मुलामा असलेली डिस्क आणली ती याच दिशेने. युरोपियन संघाच्या युरो ७ प्रदूषण नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना प्रथमच मर्यादा आली आहे, पेट्रोल-डिझेल गाड्यांना दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. त्यामुळे अशा डिस्क आणि कमी धुळीचे पॅड आता महागड्या गाड्यांपुरते राहणार नाहीत.

ही गाडी ट्रॅकवर जात नाही. सिरॅमिक पॅड निवडले. जुन्या डिस्कची जाडी त्यावर छापलेल्या किमान जाडीपेक्षा बरीच जास्त आहे, पण त्यावर आधीच्या पॅडचा थर आहे. ८० नंबरच्या पेपरने दोन्ही बाजू आडव्या-उभ्या घासून ब्रेक क्लीनरने पुसल्या. पॅडच्या रसायनांची सरमिसळ झाली की बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवून घेणे, नीट होत नाही.

२५ जानेवारी : कोटिंग आणि जोडणी

चारही चाकांना आतून-बाहेरून सिलिकावर आधारित कोटिंग. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल-मेण काढले. बॅरलला दोन हात, कारण तिथेच धूळ जास्त आणि हात कमी पोहोचतो. २४ तास पाणी नाही, आठवडाभर कोणतेही रसायन नाही. हे कोटिंग धूळ सुटणे सोपे करते, एवढाच त्याचा उपयोग. ते टवके थांबवत नाही आणि लॅकरखाली सुरू झालेल्या रेघेवर लावले तर फक्त तिला झाकते.

बीड सीट गुळगुळीत, टायरला वंगण म्हणून साबणी पेस्ट. नवीन वजने झिंकचा मुलामा असलेली, चिकटवण्याआधी जागा अल्कोहोलने साफ, हाताने घट्ट दाबून. व्हॉल्व्ह कोअर निकेलचे.

बोल्ट एम १४, गोल बैठकीचे. शंकूच्या बैठकीचे बोल्ट यात जातात, घट्टही होतात, पण टेकतात एका कड्यावर; ते कधीच चालणार नाहीत. टॉर्क गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. इम्पॅक्ट गन फक्त काढायला.

२७ जानेवारी : बेडिंग

मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून १५ किलोमीटरपर्यंत मध्यम-जोरदार ब्रेक, आठ ते दहा वेळा, मध्ये थोडे अंतर. पूर्ण थांबायचे नाही. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की तिथे ठसा उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. शेवटी दहाएक मिनिटे ब्रेक न लावता गाडी चालवून थंड केली. बेडिंगमध्ये धूळ जास्त पडते, त्यावरून पॅडचा निकाल लावू नये.

१ फेब्रुवारी : पुन्हा टॉर्क

१०० किलोमीटरच्या आत सगळे बोल्ट तपासले. एकही सरकलेला नाही. झाकलेल्या बैठकांचा हा फायदा.

१५ मार्च : पहिली फेरतपासणी

पुढच्या चाकांवर फिकट करडा थर, साध्या शॅम्पूने निघतो. आयर्न रिमूव्हरची गरज पडली नाही. यापुढे तो दर धुलाईला न वापरता, पिशवीच्या चाचणीत खरखर लागली तरच. बॅरलला मात्र दर धुलाईला हात लावायचा. लांब दांड्याचा मऊ ब्रश मालकाला दिला आहे. धुतल्यावर ब्रेक हलके लावत थोडी चक्कर मारायची, म्हणजे डिस्कवरचे पाणी उडते आणि पॅड गंजून डिस्कला चिकटत नाहीत.

मागच्या उजव्या चाकावर, अजून डायमंड कट असलेल्या चेहऱ्यावर, खड्याचा एक ताजा टवका. रेघ सुरू झालेली नाही. टवक्याची जागा वाळवली, ८०० नंबरने कडा उतरत्या केल्या, अल्कोहोलने पुसले, बारीक ब्रशने पारदर्शक लॅकरचे तीन पातळ थर, प्रत्येकामध्ये अर्धा तास. चाकावर चिन्हांकित करून फोटो फाइलला जोडला. पुढच्या टायर बदलाच्या वेळी या जागेभोवती पांढरा धागा दिसला, तर मागच्या दोन्ही चाकांचीही धार मोडून पावडर करायची, असे मालकाशी बोलून ठेवले आहे.